तात्पर्य न सांगणारा कथाकार : आन्तोन चेकॉव्ह

गोष्ट संपली की तिच्याखाली तात्पर्य लिहावयाचे, ही सवय आपल्याला बालपणापासून जडलेली असते. इसापनीतीने ती लावली, पंचतंत्राने आणि हितोपदेशाने ती दृढ केली, आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेने तिला कायमचे घर करून दिले. ही सवय वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. कोल्हा, करकोचा, सिंह आणि उंदीर यांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना शहाणपण शिकविले आहे. परंतु पुढे मोठेपणी अशा काही कथा हाती येतात की, त्यांच्या शेवटी तात्पर्याची जागा मोकळीच ठेवलेली असते. वाचक पान उलटतो, पुढे काही नसते, आणि मग त्याचे त्यालाच विचार करीत बसावे लागते.

अशा कथा लिहिणाऱ्यांमध्ये रशियाचा आन्तोन चेकॉव्ह याचे स्थान फार वरचे आहे. त्याच्या हयातीत काही विद्वान टीकाकारांनी त्याच्यावर असा आक्षेप घेतला की, या लेखकाला ध्येय नाही. बरेवाईट सारखेच मानून तो जे दिसेल ते थंडपणे टिपून ठेवतो. आरोप लहान नव्हता. चांगले काय आणि वाईट काय हे लेखक सांगत नसेल, तर त्याला त्याची पर्वाच नाही असे समजावयाचे काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर चेकॉव्हच्या कथा आणि त्याचे आयुष्य ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

चेकॉव्हचा जन्म २९ जानेवारी १८६० रोजी दक्षिण रशियातील तागानरोग या बंदराच्या गावी झाला. हे गाव अझोव्ह समुद्राच्या काठी आहे. त्याचा आजा येगोर हा जन्माने भूदास होता. भूदास म्हणजे जमिनीबरोबरच ज्याची मालकी जमीनदाराकडे जाते असा माणूस. काटकसरीने पैका जमवून या आजाने १८४१ मध्ये आपले व आपल्या कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. सबंध रशियातील भूदासांना मुक्त करणारा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १८६१ मध्ये झाला. चेकॉव्हच्या रक्तात गुलामगिरीची आठवण अशी अगदी जवळची होती. पुढे एका पत्रात त्याने लिहिले आहे की, आपल्या अंगातील गुलामाचे रक्त माणसाला थेंबाथेंबाने पिळून काढावे लागते. त्याची अनेक पात्रे वरिष्ठांपुढे का वाकतात आणि ते वाकणे लेखकाला इतके बारकाईने का दिसते, याचे मूळ येथे आहे.

त्याचा बाप पाव्हेल वाणसामानाचे दुकान चालवीत असे. तो धर्मभोळा आणि अत्यंत करडा होता. मुलांना तो मारी, दुकानात तासन्‌तास बसवी आणि पहाटे उठवून चर्चच्या गायनवृंदात उभे करी. आई येव्हगेनिया मायाळू होती. सहा भावंडांत आन्तोन तिसरा. १८७६ मध्ये बापाचे दिवाळे निघाले आणि सावकारांच्या भीतीने तो मॉस्कोला निघून गेला. कुटुंबही मागोमाग गेले. सोळा वर्षांचा आन्तोन मात्र शाळा पुरी करण्यासाठी मागे राहिला. स्वतःच्याच घरात, जे आता दुसऱ्याच्या ताब्यात गेले होते, तो आश्रितासारखा राही. शिकवण्या करी, घरातल्या उरल्यासुरल्या वस्तू विकी, आणि त्यातून आईला पैसे पाठवी. तीन वर्षे त्याने अशी काढली. आपल्या शाळेतील जी मुले शिकवण्या करून किंवा दुकानात बसून शिकत आहेत, त्यांनी हा काळ जरूर ध्यानात घ्यावा.

१८७९ मध्ये तो मॉस्को विद्यापीठात वैद्यकाच्या शिक्षणासाठी दाखल झाला. घरात दारिद्र्य होते आणि कर्तेपण नकळत त्याच्याच अंगावर आले होते. पैशासाठी त्याने विनोदी साप्ताहिकांत लिहिण्यास प्रारंभ केला. पहिली गोष्ट १८८० मध्ये छापली गेली. आन्तोशा चेखोन्ते हे त्याचे त्या काळातील आवडते टोपणनाव. या साप्ताहिकांची जागा मोजकी असे. एका संपादकाची अट तर शंभर ओळींच्या आसपास गोष्ट संपलीच पाहिजे अशी होती. थोडक्यात लिहिण्याची कला चेकॉव्ह कोणत्याही साहित्यशास्त्राच्या ग्रंथातून शिकला नाही. जागेच्या टंचाईने आणि घरभाड्याच्या चिंतेने त्याला ती शिकविली. एका वाक्यात माणूस उभा करावयाचा, दोन वाक्यांत प्रसंग, आणि शंभराव्या ओळीपूर्वी बाहेर पडावयाचे.

या काळातल्या दोन गोष्टी पाहू. १८८३ मधील एका गोष्टीत एक सामान्य सरकारी कारकून नाटक पाहताना शिंकतो आणि पुढच्या रांगेतील एका जनरलच्या अंगावर तुषार उडतात. तो क्षमा मागतो. जनरल म्हणतो, काही हरकत नाही. पण कारकुनाचे समाधान होत नाही. तो पुन्हा पुन्हा जाऊन क्षमा मागत राहतो; अखेर जनरल संतापून त्याला हाकलून देतो. कारकून घरी येतो, गणवेष न उतरविताच कोचावर पडतो आणि मरतो. गोष्ट हसविते; पण हसून झाल्यावर मनात एक काटा सलत राहतो. येथे जनरल दुष्ट नाही. त्याने काहीच केलेले नाही. भीती बाहेरून आलेली नाही, ती कारकुनाच्या हाडांतच मुरलेली आहे. लेखक हे कोठेही सांगत नाही. तो फक्त क्षमायाचनांची संख्या वाढवीत नेतो. एकच कृती पुनःपुन्हा घडवून तिचा अर्थ बदलून दाखविणे, हे येथील तंत्र होय.

दुसरी गोष्ट १८८४ मधील, सरड्याचे नाव धारण करणारी. बाजारात एका सोनाराच्या बोटाला कुत्रा चावतो. फौजदार न्याय करावयास उभा राहतो. कुत्रा बेवारशी आहे असे वाटते तेव्हा तो कुत्र्याला मारावयास निघतो. तो जनरलसाहेबांचा असावा अशी कुजबूज होताच तो सोनारालाच दटावतो. असे चार-सहा वेळा होते. आणि दर खेपेस मत पालटताना त्याला एकदा उकडते, एकदा थंडी वाजते. तो अंगावरचा कोट काढावयास लावतो, पुन्हा चढवावयास लावतो. तो कोट हाच सरड्याचा रंग! फौजदार ढोंगी आहे हे वाक्य चेकॉव्हने लिहिले असते तर आपण ते विसरलो असतो. कोट मात्र विसरत नाही.

१८८४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या थुंकीतून प्रथम रक्त पडले. डॉक्टराला त्याचा अर्थ कळत नव्हता असे कसे म्हणावे? पण त्याने ते घरच्यांपासून लपविले आणि कामाला जुंपून घेतले. १८८६ मध्ये ग्रिगोरोव्हिच नावाच्या वृद्ध कादंबरीकाराने त्याला पत्र लिहून कळविले की, तुझ्याजवळ खरी प्रतिभा आहे, तिचा मान राख आणि घाईने लिहिणे सोड. चेकॉव्हला हे पत्र विजेसारखे वाटले. उत्तरात त्याने कबूल केले की, एका दिवसापेक्षा अधिक वेळ घेऊन लिहिलेली आपली एकही कथा आपल्याला आठवत नाही. मोठ्या माणसाचे एक पत्र तरुणाचे आयुष्य कसे वळवू शकते, याचा हा उत्तम दाखला आहे.

त्याच वर्षी त्याने 'विषाद' ही कथा लिहिली. पीटर्सबर्ग शहरात संध्याकाळी बर्फ पडत आहे. योना नावाचा म्हातारा गाडीवान आपल्या बर्फावरच्या घसरगाडीवर वाकून बसला आहे. त्याच्यावर आणि त्याच्या घोडीवर बर्फाचा थर चढला आहे. त्याचा तरुण मुलगा याच आठवड्यात मेला आहे. त्याला ते कोणाला तरी सांगावयाचे आहे. पहिल्या उतारूला घाई असते, पुढचे तिघे दारू पिऊन थट्टा करीत असतात, दरवान त्याला हटकतो, तबेल्यातील सोबती पांघरूण ओढून झोपी जातो. अखेर योना घोडीला दाणावैरण करावयास जातो आणि तिलाच सगळी हकीकत सांगतो. घोडी चारा चघळीत ऐकत राहते. एवढेच.

या कथेत रडणे नाही, शोकाचे वर्णन नाही. बर्फाचा तो थर, वाकलेली पाठ आणि घोडीचे चघळणे यांतून सारे व्यक्त होते. पुढे एका होतकरू लेखिकेला चेकॉव्हने सल्ला दिला की, दुःखी माणसांचे चित्र काढताना लेखकाने अधिक थंड राहावे; त्या थंड पार्श्वभूमीवर दुःख उठून दिसते. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने असेच एक मर्म सांगितले आहे. चांदण्या रात्रीचे वर्णन करीत बसू नये. बंधाऱ्यावर फुटक्या बाटलीची काच चमकली आणि एक काळी सावली सरकली असे लिहावे. चांदणे आपोआप दिसू लागते. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतून चंद्र रुपेरी असतो, पहाट सोनेरी असते आणि सागर नेहमीच अथांग असतो. त्यांनी फुटक्या काचेचा हा उपदेश मनावर घ्यावा.

डिसेंबर १८८६ मधील 'वांका' ही कथा तर शाळकरी मुलांनी वाचलीच पाहिजे. नऊ वर्षांचा वांका मॉस्कोत एका जोडे शिवणाऱ्याकडे काम शिकावयास ठेवलेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री मालक-मालकीण प्रार्थनेला गेले असता तो चोरून आजोबांना पत्र लिहितो. मार बसतो, पोटभर मिळत नाही, मला येथून घेऊन जा, अशी त्या पत्रातील आर्जवे. मधूनमधून त्याला गावाकडचे आजोबा, त्यांचे कुत्रे, बर्फाने लवलेली झाडे आठवतात. पत्र पुरे होते. पाकिटावर तो गाव एवढेच लिहितो आणि आजोबांचे नाव घालतो. गावाचे नाव लिहावयाचे असते हे त्याला ठाऊकच नाही. पत्र पेटीत टाकून तो परत येतो, आणि तासाभराने गोड आशेने झोपी जातो. स्वप्नात आजोबा पत्र वाचीत असतात.

हे पत्र पोहोचणार नाही हे वाचकाला कळते, वांकाला कळत नाही. त्या दोघांच्या जाणिवेतील हे अंतर हाच कथेचा प्राण. लेखकाने शेवटी एक वाक्य जरी खेदाचे लिहिले असते, तरी दुःख त्याच्याकडे गेले असते आणि वाचक मोकळा झाला असता. तो गप्प राहतो, म्हणून ते ओझे आपल्यापाशीच राहते. तात्पर्य न सांगण्याचे नैतिक बळ ते हेच, असे आम्हांस वाटते.

१८८८ मध्ये त्याला पुष्किन पारितोषिक मिळाले. कीर्ती वाढली तसे आक्षेपही वाढले. चेकॉव्हची भूमिका त्याच्या पत्रांतून दिसते. प्रश्न सोडविणे हे एक काम आहे आणि प्रश्न नीट मांडणे हे दुसरे. कलावंताकडून दुसऱ्याचीच अपेक्षा करावी असे तो म्हणे. लेखकाने न्यायाधीश न होता निःपक्षपाती साक्षीदार व्हावे, निवाडा वाचकांनी करावा. न्यायालयात खरा साक्षीदार किती मोलाचा असतो हे वाचकांस सांगावयास नको. तो निवाडा देत नाही, पण तो खोटे बोलला तर निवाडाच खोटा होतो.

आणि साक्ष देण्यासाठी माणसाला स्वतः जाऊन पाहावे लागते. १८९० च्या एप्रिलमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, छातीत रोग घेऊन, चेकॉव्ह साखालिन बेटाकडे निघाला. आपल्याकडे जसे अंदमान, तसे रशियात साखालिन : काळ्या पाण्याचे बेट. सायबेरियातून जाणारा लोहमार्ग तेव्हा बांधलेला नव्हता. घोडागाडीतून, चिखलातून, पूर आलेल्या नद्या ओलांडून, नंतर आगबोटीने तो जुलैमध्ये तेथे पोहोचला. तीन महिने तो घरोघर, कोठडी-कोठडीतून हिंडला आणि खानेसुमारीची सुमारे दहा हजार पत्रके त्याने भरली. फटक्यांची शिक्षा त्याने डोळ्यांनी पाहिली. परत आल्यावर कल्पित कथेचे कसलेही साज न चढविता त्याने 'साखालिन बेट' हा ग्रंथ लिहिला. तो १८९५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्या बेटावरील शाळांसाठी त्याने पुस्तके जमवून पाठविली. ज्याला ध्येय नाही असे टीकाकार म्हणत होते, त्याने ना सरकारचा हुकूम ना संस्थेचे पाठबळ असताना हे केले.

परतीचा प्रवास त्याने समुद्रमार्गे केला. हाँगकाँग, सिंगापूर करीत त्याची बोट हिंदी महासागरात आली आणि कोलंबोस थांबली. सिलोनच्या हिरवाईने तो इतका हरखला की ती भूमी त्याला स्वर्ग वाटली. तेथून त्याने मुंगूस विकत घेतले, आणि ते रशियाच्या थंडीत नेऊन घरभर धिंगाणा घालू दिले! त्याच प्रवासात बोटीवर मेलेल्यांना समुद्रात सोडताना त्याने पाहिले होते. त्यातून 'गूसेव' ही कथा झाली. आजारी शिपाई गूसेव मायदेशी परतताना बोटीवरच मरतो. त्याला शिडाच्या कापडात शिवून पाण्यात सोडतात. कथा तेथे थांबत नाही. ती देहाबरोबर खोल खोल जाते, तेथील मासे दाखविते, आणि मग वर मावळतीचे रंग. निसर्ग माणसासाठी रडत नाही, पण त्याचे सौंदर्यही उणावत नाही. समुद्राकाठी वाढलेल्या आम्हां कोकण-गोव्याच्या लोकांना ही कथा विशेष भिडते.

चेकॉव्ह देवमाणूस होता असे आम्हांस भासवावयाचे नाही. १८९२ मध्ये त्याने 'टोळ' या अर्थाच्या नावाची एक कथा लिहिली. तीत कलावंतांच्या मागे धावणारी एक स्त्री आपल्या साध्यासुध्या डॉक्टर पतीचे मोठेपण तो मेल्यावर ओळखते. कथा सुंदर आहे. पण तीत आपलीच छबी दिसल्याने त्याचा जिवलग मित्र, थोर चित्रकार लेव्हितान, दुखावला. दोघांची मैत्री जवळजवळ तीन वर्षे तुटली, ती १८९५ मध्ये पुन्हा जुळली. ओळखीच्या माणसांचे जीवन कथेत घ्यावयाचे ते कोठवर, हा प्रश्न प्रत्येक कथालेखकापुढे आहे. चेकॉव्ह त्यातून सहीसलामत सुटला असे म्हणता येणार नाही.

त्याच १८९२ मध्ये त्याने मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोव्हो येथे जमीन आणि घर घेतले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी त्या प्रदेशात पटकीचे भय होते. चेकॉव्हने २५ खेडी, ४ कारखाने आणि १ मठ एवढ्यांचे वैद्यकीय काम वेतन न घेता अंगावर घेतले. तो रोज्यांना तपासी, वर्गणीसाठी धनिकांची दारे ठोठावी. आसपासच्या खेड्यांत त्याने तीन शाळा बांधविल्या. त्यांसाठी पदरचे पैसे घातले, आराखड्यांत लक्ष घातले. जन्मगाव तागानरोगच्या ग्रंथालयाला तो वर्षानुवर्षे पुस्तके पाठवीत राहिला.

याच सुमारास 'वॉर्ड नंबर ६' ही त्याची दीर्घकथा प्रसिद्ध झाली. एका मागासलेल्या गावातील डॉक्टर रागिन हा वाचनप्रिय आणि सौम्य गृहस्थ. दुःख ही केवळ मनाची कल्पना आहे, असे तत्त्वज्ञान त्याने पत्करले आहे. त्यामुळे रुग्णालयातील घाण आणि वेड्यांच्या वॉर्डातील मारहाण त्याला सहन होते. पुढे लोक त्यालाच वेडा ठरवून त्याच वॉर्डात कोंडतात. पहिल्या पानावर ज्या पहारेकऱ्याच्या मुठी आपल्याला दाखविल्या होत्या, त्या मुठी अखेर डॉक्टरवर पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तो मरतो. भिंतीवर बंदूक टांगलेली दाखविली तर ती पुढे उडालीच पाहिजे, असा चेकॉव्हचा प्रसिद्ध नियम आहे. येथे त्या मुठी म्हणजेच ती बंदूक. आणि हे लिहिणारा डॉक्टर स्वतः त्या वेळी खेड्यापाड्यांतून रोगी तपासीत हिंडत होता. कथेत त्याने रागिनला दोष दिला नाही. रागिन काय करीत नव्हता, ते तो स्वतः करीत होता.

१८९८ मधील 'गूजबेरी' या कथेत तात्पर्य सांगणारे एक पात्रच आहे. इव्हान इव्हानिच हा आपल्या भावाची हकीकत सांगतो. या भावांचे आडनाव चिमशा-हिमालयस्की असे मजेदार आहे. त्यातला आपला हिमालय पाहून मराठी वाचकाला गंमत वाटेल. भावाने आयुष्यभर एकच ध्यास घेतला : स्वतःची जमीन आणि तीत गूजबेरीची झुडपे. त्यासाठी त्याने पोटाला चिमटा घेतला, पैशासाठी विधवेशी लग्न केले आणि तिला उपाशी ठेविले. अखेर ती कडक, आंबट फळे तो रात्री उठून उठून खातो आणि सुखी होतो. हे सांगून इव्हान इव्हानिच कळवळून म्हणतो की, सुखी माणसाच्या दाराशी कोणी तरी हातोडी घेऊन उभे राहावे आणि जगात दुःखी लोक आहेत याची आठवण ठोकून ठोकून द्यावी. विचार उदात्त आहे. पण ऐकणाऱ्यांना कंटाळा आलेला असतो. सगळे झोपावयास जातात. इव्हान इव्हानिच स्वतः गाढ झोपतो, त्याच्या चिलमीच्या जळक्या तंबाखूचा वास सोबत्याला झोपू देत नाही, आणि पाऊस रात्रभर खिडकीवर वाजत राहतो. उपदेश खरा असूनही उपदेशकाची झोप मोडत नाही! हे लेखक बोलून दाखवीत नाही, वासाने दाखवितो.

लेखकाच्या या मौनाने थोर वाचकही कसे पेचात पडत, याचे उदाहरण म्हणजे १८९९ मधील 'लाडकी' ही कथा. तिची नायिका ओलेन्का ज्याच्यावर प्रेम करील त्याचीच मते बोलते : नाटकमंडळीच्या चालकाची बायको असताना नाटकाची, लाकडाच्या व्यापाऱ्याशी लग्न झाल्यावर लाकडाची, नंतर गुरांच्या डॉक्टराची, आणि शेवटी एका शाळकरी मुलाची. अनेकांना हा स्त्रीच्या परावलंबनावरील उपहास वाटला. टॉलस्टॉयला मात्र ती निःस्वार्थ प्रेमाची मूर्ती वाटली. त्याने ती कथा घरी मोठ्याने वाचून दाखविली, आणि लेखक शाप द्यावयास गेला व आशीर्वाद देऊन आला असा अभिप्राय लिहिला. दोन्ही वाचने मूळ शब्दांत बसतात. वर्गात या कथेवर वाद घालावा, मतदान मात्र घेऊ नये!

चेकॉव्हची स्वतःची आवडती कथा 'विद्यार्थी' (१८९४) होती, असे त्याच्या निकटवर्तीयांनी नोंदविले आहे. गुड फ्रायडेची थंड संध्याकाळ. उपाशी, निराश असा धर्मशाळेचा तरुण विद्यार्थी दोन विधवांच्या शेकोटीपाशी थांबतो आणि पीटरने ख्रिस्ताला ओळखण्याचे तीन वेळा नाकारले व नंतर तो रडला, ही कथा त्यांना सांगतो. आपल्या गोव्यात ही कथा घराघरांत ठाऊक आहे. ऐकता ऐकता एक विधवा रडू लागते, दुसरीचा चेहरा वेदनेने ताठ होतो. विद्यार्थी निघून जातो आणि त्याला उमगते की, एकोणीस शतकांपूर्वीच्या त्या रात्रीचा या बाईशी काही संबंध आहे. त्याचे मन आनंदाने भरते. येथे चेकॉव्ह हळूच आठवण देतो की, तो अवघा बावीस वर्षांचा होता. आनंद खोटा म्हणावयाचा नाही, आणि फार खराही म्हणावयाचा नाही. साक्षीदार वयसुद्धा नोंदवितो.

१८९७ च्या मार्चमध्ये चेकॉव्हला रक्ताची मोठी उलटी झाली आणि आता रोग लपविणे अशक्य झाले. रुग्णालयात टॉलस्टॉय त्याला भेटावयास आला. पुढे त्याला उबदार हवेसाठी याल्टा येथे राहावे लागले. नाटककार म्हणून त्याचे यश याच काळातील. त्याचे 'सीगल' हे नाटक १८९६ मध्ये पीटर्सबर्गमध्ये पडले आणि १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने ते गाजविले. त्याविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेखच हवा. १९०१ मध्ये त्याने त्या नाट्यगृहातील अभिनेत्री ओल्गा क्निपर हिच्याशी विवाह केला. १९०० मध्ये त्याला अकादमीचे सन्माननीय सदस्यत्व मिळाले होते. १९०२ मध्ये गॉर्कीची निवड राजकीय कारणास्तव रद्द झाली, तेव्हा चेकॉव्हने कोरोलेन्को या लेखकासह आपले सदस्यत्व परत केले. भाषण नाही, मोर्चा नाही. एक पत्र लिहिले आणि मान सोडला.

१५ जुलै १९०४ रोजी जर्मनीतील बादेनवायलर या गावी त्याचे देहावसान झाले. वय अवघे ४४. त्याचे शव ज्या थंड डब्यातून रशियात आणले, तो डबा कालवे वाहून नेण्याचा होता. चेकॉव्हच्याच लेखणीला सुचावा असा हा योगायोग. मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीत त्याची समाधी आहे. याल्टाचे घर त्याची बहीण मारिया हिने १९५७ मध्ये तिचा अंत होईपर्यंत संग्रहालय म्हणून जिवापाड जपले.

विद्यार्थिमित्रहो, प्रारंभीच्या प्रश्नाकडे आता वळू. तात्पर्य न सांगणारा लेखक उदासीन असतो काय? चेकॉव्हपुरते उत्तर स्पष्ट आहे. त्याने आपला सदुपदेश शाळांच्या भिंतींत, औषधांच्या बाटल्यांत आणि खानेसुमारीच्या पत्रकांत खर्च केला. कथेत त्याने फक्त खरी साक्ष दिली आणि निवाड्याचा अधिकार आपल्याला दिला. हा अधिकार सोपा नाही. परीक्षेतील तात्पर्याला गुण मिळतात आणि काम संपते. वांकाच्या पत्राला गुण देता येत नाहीत.

म्हणून आमची एकच विनंती आहे. या सुट्टीत 'विषाद' ही कथा मिळवून घरात मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर तिच्याखाली काही लिहू नका. तुमच्या घरी, वाड्यावर किंवा शेजारी असा कोणी योना असेल, ज्याची गोष्ट ऐकावयास कोणाला सवड झालेली नाही. त्याच्यापाशी जाऊन थोडा वेळ बसा.